काच, बर्फ आणि फ्लॉरेन्सचे पंडित

शैत्याने पदार्थ आकुंचन पावतात, हा सामान्य नियम होय. पाणी मात्र सुमारे ४ अंश सेल्सियसपर्यंतच तो पाळते. पुढे ते प्रसरू लागते आणि गोठताना त्याचे आकारमान जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढते. काठोकाठ भरून गोठवावयास ठेवलेली आमरसाची बरणी तडकते ती यामुळेच. परंतु आज शाळकरी मुलासही ठाऊक असलेले हे सत्य प्रस्थापित होण्यास युरोपात मोठा वाद झडावा लागला.

बर्फ म्हणजे आटून घट्ट झालेले पाणी, तो तरंगतो तो केवळ आपल्या रुंद, चपट्या आकारामुळे, असे ॲरिस्टॉटलचे अनुयायी प्रतिपादीत. १६१२ साली गॅलिलिओने याचा प्रतिवाद केला: बर्फ पाण्याहून हलका आहे, म्हणूनच तो तरंगतो, अर्थात तो विरळ झालेले पाणीच होय. युक्तिवाद बिनतोड होता. तरी आप्तवचनाची पकड केवळ युक्तिवादाने सुटत नाही. तेथे साक्षच लागते.

ती साक्ष फ्लॉरेन्सने दिली. राजपुत्र लिओपोल्दो मेदिची याच्या आश्रयाने १६५७ मध्ये तेथे 'आकादेमिया देल चिमेंतो', म्हणजे प्रयोगाची अकादमी, स्थापन झाली. गॅलिलिओचा शिष्य विव्हियानी तिचा सभासद होता. या पंडितांनी काचेची व धातूची पात्रे पाण्याने भरून बंद केली व ती गोठवली. काच फुटलीच, पण पितळेचा जाड गोळाही दुभंगला. १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगग्रंथात कोणता प्रयोग कोणी केला, याचा उल्लेख नाही. श्रेयापेक्षा निष्कर्ष मोठा मानणारी ही वृत्ती विरळाच.

तोच न्याय आपल्या स्वयंपाकघरातही चालतो. द्रवाचा पृष्ठभाग बहुधा आधी गोठतो; मग आतील पाण्यास वर सरकावयास वाट उरत नाही, आणि सारा दाब काचेवर येतो. निमुळत्या गळ्याच्या बाटलीत हा धोका अधिक. म्हणून सरळ अंगाची, गोठवणास योग्य अशी जाड बरणी घ्यावी, वर दोन बोटे जागा मोकळी सोडावी आणि द्रव गोठेपर्यंत झाकण सैल ठेवावे. ऊन पदार्थ पूर्ण निववूनच आत ठेवावा. कारण तापमानाच्या एकाएकी बदलानेही काच तडकते. आणि तडकलेल्या बरणीतील पदार्थ कितीही मोलाचा असला, तरी तो टाकूनच द्यावा: काचेची कणी डोळ्यांस दिसत नाही.

अधिकारवाणीपुढे मान तुकवणारे पंडित पुष्कळ झाले. पाणी मात्र कोणाचीही भीड धरीत नाही.