हद्दीवरचा बार

परवा ठाण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, मे महिन्यात चार दिवस तुमच्याकडे येतोय. तुमच्या दोडामार्गात एखादा बरासा वाइन बार आहे का हो?"

हा भाचा नुकताच कंपनीच्या खर्चाने लंडनला जाऊन आला आहे. तिथे नदीजवळ गॉर्डन्स नावाचा एक वाइन बार आहे म्हणे. तळघरात. १८९० सालापासून चालू. आत मेणबत्त्या, बसायला जुनी लाकडी बाके, आणि वाइनशिवाय दुसरे काही मागायचे नाही. तसे काहीतरी त्याला आमच्या गावात हवे होते. आमच्या गावात तळघर नाही. मेणबत्त्या आहेत, पण त्या वीज गेली की लावायच्या.

मी आमच्या शाखेतल्या शिपाईमामांना विचारले. हे गृहस्थ ज्या विषयावर बोलत नाहीत असा विषय नाही आणि ज्या विषयावर चुकतात असाही नाही. ते म्हणाले, "सायबानु, हयसर बसलास तर परमिट इचारतत. थंयसर फकस्त पैशे इचारतत." 'थंयसर' म्हणजे हद्दीपलीकडे. आमचे गाव महाराष्ट्राच्या टोकाला आणि पलीकडे लगेच गोव्याचा डिचोली तालुका. गंमत म्हणजे पलीकडच्या नाक्यालाही दोडामार्गच म्हणतात. गाव एक, नाव एक, भाषा जवळजवळ एक. दोन्हीकडे वेगळी असते ती फक्त बाटलीवरची किंमत.

आता वाइन हा शब्द आपल्याकडे कसा वापरतात ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात रम मिळते, व्हिस्की मिळते, बिअर मिळते, चखण्याच्या पुड्या मिळतात. शोधावी लागते ती वाइनच. दारूला दारू म्हणायची लाज वाटते म्हणून आपण तिचे बारसे केले, आणि मग खरी वाइन नाशिकला पिकू लागली तेव्हा तिला नाव उरले नाही. असो. भाच्याला काय सांगायचे हा प्रश्न उरलाच. आणि खरे सांगायचे तर 'आमच्या गावात चांगला बार कुठे आहे' याचे उत्तर इतिहासात शिरल्याशिवाय देता येत नाही.

मी बी.कॉम. इतिहास आमच्या वाट्याला आला तो जमाखर्चाच्या वहीतून. पण दारूचा इतिहास या वहीत जितका खरा सापडतो तितका दुसरीकडे नाही. पिणारा खोटे बोलतो, न पिणारा जास्त खोटे बोलतो. कर वसूल करणारा मात्र आकडा लिहून ठेवतो.

तर १८७८ साली इंग्रजांनी मुंबई इलाख्याला आबकारीचा कायदा दिला. तोवर कोकणातला भंडारी माडावर चढे, माडी उतरवी आणि खाली बसलेल्यांना पाजी. कायद्याने झाडाझाडाला कर लावला. माडाला नंबर आले. कोकणात माणसांची शिरगणती नीट होण्याआधी माडांची झाली असावी असा मला दाट संशय आहे. झाडाच्या बुंध्याशी बसून माडी विकायची तर तिचाही परवाना. म्हणजे आपल्याकडचा पहिला सरकारमान्य बार झाडाखालीच होता. गॉर्डन्सवाल्यांना तळघर खणावे लागले. आमच्याकडे निसर्गानेच छत दिले होते.

पण कर लागला की भाव चढतो, आणि भाव चढला की माणूस हद्दीकडे बघतो. हद्दीपलीकडे पोर्तुगीज. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली, सत्तरी, पेडणे त्यांच्याकडे गेले होते आणि सावंतवाडी संस्थानाची सीमा आमच्या गावापाशी येऊन थांबली होती. तिकडे दारू स्वस्त. पाणी उताराकडे वाहते तशी दारू महाग मुलखाकडे वाहते. हे अर्थशास्त्र शिकायला कॉलेजात जावे लागत नाही. इंग्रजांनी मग त्याच वर्षी, म्हणजे २६ डिसेंबर १८७८ रोजी, पोर्तुगालशी एक तह केला. गोव्याची जकात नाकी उठली, मिठागरे इंग्रजांच्या देखरेखीखाली गेली, आबकारीही इंग्रजी पद्धतीची झाली आणि बदल्यात पोर्तुगीजांना सालाला चार लाख रुपये ठरले. रेल्वे आणि मुरगावचे बंदरही या तहातच होते, पण ते शाळेच्या पुस्तकात असते. बाटलीचे कलम नसते. हा तह १८८० पासून १८९२ पर्यंत चालला. म्हणजे लंडनच्या तळघरात पहिली मेणबत्ती पेटत होती तेव्हा इकडे दोन राज्ये मिळून एवढेच बघत होती की हद्दीच्या दोन्ही बाजूंना घोट सारखाच महाग पडावा. बारा वर्षांनी तह संपला आणि भाव पुन्हा आपापल्या वाटेने गेले.

आपल्याकडच्या वहीत या पैशाचे दुसरे पान होते. आबकारीचे उत्पन्न एवढे वाढले की पुढे पुढे शाळांचा खर्च त्याच्यावर निघू लागला. गांधीजींना हे फार लागले होते. बाप गुत्त्यात बसावा म्हणून मुलगा शाळेत बसतो, असा तो हिशेब. दारूबंदी करा म्हटले की लगेच कोणीतरी विचारी, मग मास्तरांचा पगार? हा प्रश्न आजही विचारतात, फक्त मास्तरांच्या जागी दुसरे कोणी असते.

मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी पहिल्यांदा बंदी आली. तीन महिन्यांत काँग्रेसचे मंत्रिमंडळ गेले आणि बंदीही टिकली नाही. खरी बंदी आली ती १९४९ च्या कायद्याने. मोरारजीभाईंचा कारभार, ६ एप्रिल १९५० पासून सगळा मुंबई राज्य कोरडा. दिवससुद्धा दांडीला मीठ उचलल्याचा. आमचे सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालेले. म्हणजे स्वराज्यात येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच घशाला कोरड. सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये बालसारा खटल्यात कायदा बहुतांशी उचलून धरला, पण दारूचा अंश असलेली औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांवरची बंदी रद्द केली. त्यानंतर किती लोकांची प्रकृती अचानक बिघडली याची नोंद कोणी ठेवली असती तर वैद्यकशास्त्राला नवा रोग मिळाला असता. प्रकृतीच्या रक्षणासाठी परमिट मिळे. मुंबईत ज्यांची प्रकृती चांगली होती ते बिचारे आंटीच्या अड्ड्यावर जात.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे परदेश चालत जाण्याच्या अंतरावर होता! गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज. तिथे पोर्तुगालहून आलेली वाइन मिळे, काजूची फेणी मिळे, आणि तावेर्नवाल्याच्या बाकावर कोणी डॉक्टरचा दाखला मागत नसे. रात्री रानातून बाटल्या येत. या रानाबद्दल बोलताना थोडे थांबले पाहिजे. याच हद्दीवर, बांद्याजवळ पत्रादेवीला, १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी गोळ्या खाल्ल्या. ते तिकडे जात होते आणि बाटल्या इकडे येत होत्या, एकाच रानातून. त्यांचा आणि बाटलीवाल्यांचा संबंध एवढाच.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आता हद्द पुसली जाणार असे कोणालाही वाटले असते. पण १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात कौल घेतला, महाराष्ट्रात यायचे की वेगळे राहायचे, आणि चौतीस हजारांच्या फरकाने वेगळे राहायचे ठरले. कारणे मोठी होती. भाषा होती, अस्मिता होती. पण प्रचारात हळूच एक बाटलीही होती. महाराष्ट्रात गेलात तर दारूबंदी येईल, माडी काढणाऱ्याने करायचे काय? मोरारजीभाईंना त्या दिवशी गोव्यात किती मते मिळाली हे मोजता येत नाही. उलट्या बाजूने बरीच मिळाली असावीत.

खरे तर तोवर महाराष्ट्रातली बंदी सैल पडत चालली होती. पुढे सत्तरीच्या दशकात 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी भारदस्त पाटी रस्त्यावर आली. कायदा मात्र तोच राहिला. आजही महाराष्ट्रातले प्रत्येक दारूचे दुकान दारूबंदीच्या कायद्याखालीच चालते, हे मी बाहेरच्या माणसाला तीनदा समजावून सांगितले तरी त्याला पटत नाही. बंदी आहे, परवाना घेऊन ती पाळायची. म्हणून आपल्या बारला नाव आहे, 'परमिट रूम'. पिणाऱ्याकडे परवाना हवा. विदेशीचा एका दिवसाचा पाच रुपयांचा, देशीचा दोन रुपयांचा, आणि आजन्म घ्यायचा तर हजाराचा. एवढ्या स्वस्तात आजन्म काहीही देणारी दुसरी योजना माझ्या टेबलावर गेल्या वीस वर्षांत आली नाही.

तेव्हा भाच्याला मी एवढेच सांगितले, की बाबा रे, अलीकडे परमिट रूम आहे, तिथे दिवे मंद आहेत आणि टीव्ही मोठा आहे. पलीकडे बार आहेत, तिथे वाइन म्हणशील तर गोडमिट्ट पोर्ट मिळेल, जिचा पोर्तुगालशी संबंध आडनावापुरता. आणि पलीकडून बाटली घेऊन येऊ नकोस. 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही बातमी आमच्याकडे पावसाच्या बातमीइतकी नेमाने येते. इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या उघडून बघतात. बाटली अलीकडे आली की गुन्हेगार.

पण बोंडू पलीकडे गेला की? तो मात्र नुसता माल!

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. काजूच्या बागेसाठी कर्ज मागायला खातेदार येतात. उत्पन्नाच्या रकान्यात ते लिहितात, काजू बी. एवढेच. बीच्या डोक्यावर, तिच्या कितीतरी पट वजनाचा, लालपिवळा रसाळ बोंडू असतो, त्याला आमच्या फॉर्मात जागा नाही. मार्च ते मे या गावात फिरून बघा. झाडाखाली बोंडवांचा खच, आंबूस वास, माश्या. बी पिरगळून काढून घेतात आणि बोंडू गुरांपुढे टाकतात, नाहीतर तिथेच कुजतो. हेच फळ डिचोलीत पोचले की कोळंबीत तुडवतात, रस आंबवतात, भाटीवर चढवतात. पहिल्या धारेचे उर्राक, ते पुन्हा गाळले की फेणी. तिकडे त्याच्यावर घरे चालतात. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. म्हणजे आता हद्दीच्या अलीकडे कोणी तशीच, त्याच बोंडवाची, त्याच चवीची काढली तरी तिला फेणी म्हणायचे नाही. आणि काढायची तर नाहीच, कारण इकडे ती हातभट्टी. तिकडे वारसा, इकडे मुद्देमाल.

मग शहाणा माणूस काय करतो? टेम्पो भरतो आणि बोंडू डिचोलीला पाठवतो. कच्चा माल स्वस्तात जातो, पक्का माल पोलिसांच्या भीतीने चोरून परत येतो. इंग्रज आपला कापूस नेऊन कापड आणून विकत, याच्यावर आपण दादाभाईंपासून रडत आलो. इथे तर मँचेस्टर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोरेही तशीच जातात, सकाळी मोटारसायकलवरून गोव्यात कामाला, संध्याकाळी परत. आजारी माणूसही बांबोळीच्या इस्पितळात जातो. गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे पैसे लागू झाले तेव्हा, २०१८ साली, दोडामार्गात आंदोलन झाले, आणि आम्हालाच गोव्यात घ्या अशी मागणीही निघाली. १९६७ ला त्यांनी आमच्यात यायला नकार दिला. पन्नास वर्षांनी आम्ही त्यांच्यात जाऊ म्हणालो. मुंबईच्या वर्तमानपत्रांना यात गंमत वाटली. ज्याची आई बांबोळीला खाटेवर होती त्याला वाटली नाही.

२०२२ साली मात्र आपल्या सरकारने बोंडवाकडे वळून बघितले. काजूची बोंडे, मोहाची फुले यांपासून केलेले मद्य 'देशी'त मोजायचे नाही असे ठरले. मग कशात? 'विदेशी'त. देशी म्हटले की मान खाली, विदेशी म्हटले की किंमत वर, एवढाच त्यातला अर्थ, आणि व्यापाराच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. तसा काजूही मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. तेव्हा सरकारला फार दोष देता येत नाही. मी ही बातमी काउंटरवर आलेल्या एका काजूवाल्या काकांना वाचून दाखवली. त्यांनी पासबुक खिशात ठेवले, चष्मा काढला आणि विचारले, "म्हंजे सायबानु, झाड आमचा, बोंडू आमचो, हात आमचे, आणि सोरो विदेशी?"

मी म्हटले, "कागदावर, काका."

"मगे भाटी घालूक कर्ज देतास?"

मी फॉर्म शोधला. शेतीच्या फायलीत बघितला, लघुउद्योगाच्या फायलीत बघितला. मॅनेजरसाहेबांना विचारले, ते म्हणाले, वर विचारून सांगतो. काका अर्धा तास बाकावर बसले, पाणी प्यायले आणि मग उठले, कारण बाहेर डिचोलीचा टेम्पो भरून उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.