जेन्किन्स प्रकरण

जेन्किन्स प्रकरण : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन याचा निकटचा सहायक वॉल्टर जेन्किन्स यास समलिंगी वर्तनाच्या आरोपावरून १९६४ मध्ये पदत्याग करावा लागला. हा प्रसंग जेन्किन्स प्रकरण म्हणून ओळखला जातो.

जेन्किन्सचा जन्म टेक्सस राज्यातील जॉली येथे १९१८ मध्ये झाला. जॉन्सन प्रतिनिधिगृहाचा सदस्य असताना, १९३९ मध्ये, तो त्याच्या कचेरीत रुजू झाला. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी सेवा व १९५१ मधील निवडणुकीतील स्वतःची अयशस्वी उमेदवारी एवढे खंड सोडल्यास त्याने पुढील पंचवीस वर्षे जॉन्सनच्याच सेवेत घालविली. तो विवाहित असून त्यास सहा मुले होती.

समलिंगी व्यक्तींना शासकीय सेवेतून वगळण्याचे धोरण तेथे १९५० पासून कडक झाले होते. अशा व्यक्तीस तिचे गुपित फोडण्याची धमकी देऊन शत्रू राज्याची रहस्ये मिळवील, असा युक्तिवाद सीनेटच्या एका समितीने केला. मात्र त्याच्या पुष्ट्यर्थ तिने पुढे केलेले ठळक उदाहरण पहिल्या महायुद्धापूर्वीच्या रेडल या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याचे होते. राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर याच्या एप्रिल १९५३ च्या आदेशाने ‘लैंगिक विकृती’ हे बडतर्फीचे एक कारण ठरविले.

७ ऑक्टोबर १९६४ रोजी वॉशिंग्टनमधील वाय्. एम्. सी. ए. च्या प्रसाधनगृहात पोलिसांनी जेन्किन्स व आणखी एक पुरुष यांना अटक केली. जेन्किन्सला तेथेच १९५९ मध्येही अटक झाली होती. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक चार आठवड्यांवर आली होती. वृत्त छापू नये म्हणून वकील एब फोर्टस व क्लार्क क्लिफर्ड यांनी राजधानीतील संपादकांची मनधरणी केली. परंतु १४ ऑक्टोबर रोजी एका वृत्तसंस्थेने ते प्रसृत केले. जेन्किन्स तेव्हा रुग्णालयात होता. त्याच दिवशी त्याचा राजीनामा घेण्यात आला. जॉन्सनची पत्नी लेडी बर्ड हिने दुसऱ्या दिवशी त्याच्याविषयी सहानुभूती व्यक्त करणारे निवेदन काढले. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत असे निवेदन काढणे सोपे नव्हते.

प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर हा हवाई दलाच्या राखीव तुकडीत जेन्किन्सचा वरिष्ठ होता. त्याने स्वतः या प्रकरणाचे भांडवल करण्याचे टाळले. त्याच सुमारास ख्रुश्चॉव्हची पदच्युती, ब्रिटनमधील मजूर पक्षाचा विजय व चीनचा पहिला अणुस्फोट या घटना घडल्याने लोकांचे लक्ष तिकडे वळले. ३ नोव्हेंबरला जॉन्सन सु. ६१ टक्के मते मिळवून निवडून आला.

संघीय अन्वेषण विभागाने २२ ऑक्टोबर रोजी दिलेल्या अहवालात जेन्किन्सकडून राष्ट्रीय सुरक्षिततेस कोणतीही बाधा पोहोचल्याचा पुरावा नसल्याचे नमूद केले. धोरणाच्या मुळाशी असलेली भीती या प्रकरणात तरी निराधार ठरली होती. तथापि जेन्किन्सला परत बोलाविण्यात आले नाही. तो टेक्ससला परतला व तेथे व्यवसाय करू लागला. विभागाचा संचालक हूव्हर याने रुग्णालयात त्यास फुले पाठविली होती, यावरच अधिक टीका झाली.

वॉशिंग्टनमधील मॅटाशीन सोसायटीने एप्रिल १९६५ मध्ये व्हाइट हाउससमोर निदर्शने केली. तीत फ्रँक कॅमनी हा १९५७ मध्ये याच कारणावरून बडतर्फ झालेला खगोलशास्त्रज्ञ प्रमुख होता. नागरी सेवा आयोगाने १९७५ मध्ये नोकरीवरील सरसकट बंदी उठविली. केवळ समलैंगिकतेच्या कारणावरून गोपनीय माहिती हाताळण्याची अनुमती नाकारता येणार नाही, असा आदेश १९९५ मध्ये निघाला. जेन्किन्स त्यापूर्वीच, २३ नोव्हेंबर १९८५ रोजी, ऑस्टिन येथे निधन पावला होता.