घाटातील वाहनचालन व गतिरोधन

घाटातील वाहनचालन व गतिरोधन : डोंगरातील तीव्र उताराच्या व वळणांच्या रस्त्यावर वाहनाचा वेग ताब्यात ठेवण्याची रीत. बोर, कसारा, कुंभार्ली, आंबोली इत्यादी सह्याद्रीतील घाटांतून कोकण आणि देश यांमधील रहदारी अहोरात्र चालते. तेथे या रीतीचे मर्म एवढेच की, वाहनाचा वेग प्रथम इंजिनाच्या जोरावर आवरावा आणि ब्रेक राखीव शिबंदीप्रमाणे जपून ठेवावा.

थांबण्याचे अंतर : अडथळा दृष्टीस पडल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत वाहन जे अंतर तोडते ते, आणि ब्रेक लागल्यापासून चाके निश्चल होईपर्यंतचे, या दोहोंची बेरीज म्हणजे थांबण्याचे अंतर होय. पहिले वेगाच्या प्रमाणात वाढते, दुसरे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. रस्त्यांच्या आखणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेस चालकाचा प्रतिसादकाल २.५ सेकंद धरते. त्या हिशेबाने सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी. वेगाला ४५ मी., ६० किमी.ला ८० मी. व ८० किमी.ला १२० मी. अंतर लागते. उतारावर वाहनाचा भारच त्याला पुढे ओढत असल्यामुळे हे अंतर आणखी वाढते.

उतरण : सोळा टन वजनाचा भरलेला ट्रक ५०० मी. उंची उतरतो तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सुमारे अडीचशे लिटर पाण्याला उकळी आणण्यास पुरेशी असते. हा सर्व भार ब्रेकवर टाकल्यास ड्रम तापून प्रसरण पावतात, लायनरचे घर्षण मंदावते, जळका वास येऊ लागतो आणि पायाखालचा ब्रेक हळूहळू निकामी होतो. द्रवचलित ब्रेकमध्ये तर जुने, पाणी शोषलेले तेल उकळून नळीत वाफ साचते व पॅडल पोकळ लागते. म्हणून जो चढ ज्या गिअरात चढावा लागतो, तो उतारही त्याच गिअरात उतरावा, आणि हा गिअर घाटमाथ्यावरच घालावा, कारण वेग वाढल्यावर अवजड वाहनाचा गिअर उतरविणे दुर्घट होते. ब्रेक सतत दाबून न धरता अधूनमधून ठामपणे लावून सोडावा, म्हणजे त्याला निवण्यास अवकाश मिळतो. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याचा प्रघात सर्वथा त्याज्य होय.

वळण : टायरची रस्त्यावरील पकड ही मर्यादित पुंजी असून ती वळण्यात व थांबण्यात विभागली जाते. म्हणून वेग वळणापूर्वीच कमी करावा. ऐन वळणात जोराने ब्रेक दाबणारा ही पुंजी दोन्हीकडे उधळतो.

पाऊस, धुके व खडी : पहिल्या पावसात तेल, धूळ व पाणी यांचा निसरडा थर रस्त्यावर पसरतो, आणि संततधारेने तो धुऊन निघेपर्यंत धोका टळत नाही. साचलेल्या पाण्यावर वेगाने गेल्यास टायर तरंगू लागून स्टिअरिंग हलके पडते. अशा वेळी ब्रेक न मारता अॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढावा. ओढ्याचे पाणी ओलांडल्यावर ब्रेक किंचित दाबून मंद चालवीत ते सुकवावेत. एबीएस असलेल्या मोटारीत पॅडल घट्ट दाबून धरावे, नसलेल्या मोटारीत मात्र चाके जखडू न देता दाब कमीअधिक करावा. सुट्या खडीवर व मुरमावर दुचाकीचा पुढचा ब्रेक एकदम आवळल्यास चाक निसटते. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, कारण वरचा झोत धुक्यावरून परतून चालकाचेच डोळे दिपवितो.

अग्रहक्क : रस्ता अरुंद असल्यास उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, असा मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. चढावर थांबलेले भरलेले वाहन पुन्हा हलविणे कष्टाचे असते, हे त्यामागील कारण होय.

ब्रेक निकामी झाल्यास : घाटातील लोहमार्गावर निसटलेली आगगाडी चढणीच्या बाजूमार्गावर वळवून थांबविण्याची तजवीज असते, काही डोंगरी महामार्गांवर खडीने भरलेली तशीच वाट ठेवतात. ती नसेल तेथे एकेक गिअर खाली आणावा, हॉर्न व दिव्यांनी इशारा द्यावा, हातब्रेक टप्प्याटप्प्याने ओढावा आणि अखेरीस, दरीची बाजू टाळून, डोंगराच्या कडेला गाडी घासत न्यावी.