सिन्नरचे यादव आणि एक जुना संगणकीय खेळ

१/८ सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरासमोर उभे राहिले की हे गाव देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी होते, हे पटते. त्याच मध्ययुगावर १९९९ साली एक संगणकीय खेळ आला : ‘एज ऑफ एम्पायर्स २’.

२/८ अमेरिकेतील एन्सेम्बल स्टुडिओजने तो घडविला, मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केला. त्यात १३ संस्कृती होत्या : फ्रँक, जपानी, चिनी, इराणी... भारत मात्र नव्हता. तरीही आपल्याकडील सायबर कॅफेंत मुले तो तासन्‌तास खेळली. परक्यांच्या इतिहासातील किल्ले बांधत.

३/८ तो टिकला कसा? साध्या संगणकावरही तो चाले. अन्न, लाकूड, सोने आणि दगड या चारच गोष्टींचा हिशेब. पण त्यातून प्रत्येक डाव निराळा घडे. चित्रे जुनी होतात, असा हिशेब जुना होत नाही. बुद्धिबळाचे तेच.

४/८ २००९ मध्ये एन्सेम्बल बंद पडली. खेळ तेथेच संपावयाचा. परंतु २०१२ मध्ये काही चाहत्यांनी ‘फरगॉटन एम्पायर्स’ ही विनामूल्य भर तयार केली. तिच्या ५ नव्या संस्कृतींत एक होती भारतीय!

५/८ २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळ नव्या रूपात आणला आणि त्याच वर्षी चाहत्यांची ही भर अधिकृत झाली. हौशी गटाचा व्यावसायिक स्टुडिओ झाला. २०१९ च्या सुधारित आवृत्तीमागेही तोच होता.

६/८ उद्योगाने बोध घेतला : जुना खेळ ही अडगळ नव्हे, भांडवल आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये जुन्या खेळांचे ऑनलाइन दुकानच उघडले. १९८० च्या पॅक-मॅनच्या मोबाइल आवृत्तीचे काम तर पुण्याच्या सुपरगेमिंगकडे आले.

७/८ २०२२ मध्ये ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ आले. ‘भारतीय’ हे एकच नाव अपुरे ठरून हिंदुस्तानी, बंगाली, द्राविड आणि गुर्जर अशा चार संस्कृती झाल्या. राजेंद्र चोळाची मोहीमही आली. यादवांना मात्र स्वतंत्र स्थान मिळाले नाही.

८/८ हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही. अनेकांची मध्ययुगाशी पहिली ओळख अशा खेळांतूनच होते. जे तेथे नाही, ते घडलेच नाही असे वाटू लागते. यादवांचे शिलालेख, ताम्रपट, मंदिरे, ‘लीळाचरित्र’ हाताशी आहे. भारताला या खेळात प्रथम आणले ते हौशी खेळाडूंनी. यादवांना आणणारा गट नाशिकचाही असू शकेल.