बाजरीचा ‘गोसावी’ पुन्हा पुन्हा का येतो? पीक आणि रोगाची कुरघोडी समजून घ्या

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं उमापूर घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही कोरडवाहू गाव घ्या. बाजरी पेरणाऱ्याला ‘गोसावी’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. या रोगात कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा जटेसारखा झुबका येतो आणि त्या ताटाला दाणा धरत नाही. काही जण या रोगाला केवडाही म्हणतात.

या रोगाला दाद न देणारा नवा वाण बाजारात येतो. काही वर्षं तो चांगला चालतो आणि मग त्याच वाणावर गोसावी दिसू लागतो. दर वेळी बियाणं बोगस असतं असं नाही. वाण तोच राहतो, पण रोग बदललेला असतो.

सहउत्क्रांती म्हणजे काय?

झाड रोगापासून बचावाचा मार्ग काढतं आणि रोग त्यावर तोड काढतो. मग झाडांमध्ये पुन्हा नवा बचाव तयार होतो. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या या कुरघोडीला सहउत्क्रांती म्हणतात.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामध्ये हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि त्यावरच्या तांबेरा रोगावर काम केलं. झाडातलं प्रतिकाराचं जनुक राखणदारासारखं असतं आणि ते रोगाची एक ठरावीक खूण ओळखतं, असं त्यातून पुढे आलं. रोगाची ती खूण बदलली की राखणदाराला चोर ओळखू येत नाही.

रानात काय घडतं?

मग रानातल्या झाडांचा रोगाने फडशा का पडत नाही? कारण रानात सगळी झाडं एकसारखी नसतात. एकाच जातीच्या शेजारच्या दोन रोपांमध्येही वेगवेगळे राखणदार असतात. एकाला फसवणारा रोग दुसऱ्यापाशी अडतो.

ऑस्ट्रेलियातल्या रानजवसावर पीटर थ्रॉल आणि जेरेमी बर्डन यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे झाडं जास्त प्रतिकारक होती, तिथला तांबेराही जास्त तरबेज होता. मात्र अनेक राखणदारांना चकवणारा तांबेरा बीजाणू कमी तयार करत होता. म्हणजे तरबेज होण्याची किंमत रोगालाही मोजावी लागते. त्यामुळे रानात दोघांपैकी कुणीच कायमचं जिंकत नाही.

फिनलंडच्या ओलांड बेटांवर इसबगोलाच्या कुळातल्या एका रानवनस्पतीवर भुरी रोग पडतो. तिथल्या सुमारे ४ हजार ठिकाणांच्या पाहणीतून २०१४ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. एकमेकांजवळ असलेल्या ताटव्यांमध्ये रोग जास्त पसरेल असं वाटत होतं. प्रत्यक्षात तिथे रोग कमी आणि प्रतिकार जास्त होता. शेजारच्या ताटव्यांमधून प्रतिकाराची जनुकंही येत राहतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

मग शेतात काय बिघडलं?

बाजरी मूळची आफ्रिकेतली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात तिचे रानातले भाऊबंद आजही उगवतात. भारतात बाजरीवरच्या गोसावीचं शास्त्रीय वर्णन एडविन बटलर यांनी १९०७ मध्ये केलं. तेव्हा शेतकरी घरचंच बियाणं पेरत. बाजरीत परपरागीकरण होतं, त्यामुळे गावठी बाजरीच्या शेतात प्रत्येक ताट थोडं वेगळं असायचं.

१९६५ मध्ये लुधियानातून एचबी-१ हा पहिला संकरित वाण आला आणि उत्पादन वाढलं. पण या वाणाची आणि त्यानंतरच्या काही संकरित वाणांची मादी एकच होती, अमेरिकेतल्या जॉर्जियात तयार झालेली टिफ्ट २३ए. तिकडे बाजरीवर गोसावी नव्हता, त्यामुळे या मादीची त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एचबी-३ वर गोसावीची मोठी साथ आली. पुढे बीजे-१०४ आला, पण १९८० च्या दशकात तोही बळी पडला.

हजारो एकरांवर एकच वाण असला की रोगाला एकाच राखणदाराला चकवायचं असतं. शिवाय गोसावीचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत काही वर्षं टिकतात. ते दोन वेगळ्या प्रकारांच्या मिलनातून तयार होतात. त्यामुळे त्यांच्यात जनुकांच्या नव्या जोड्या जुळत राहतात.

उपाय कुठून येतो?

नवा राखणदार शोधायला शास्त्रज्ञ जुन्या गावठी वाणांकडे आणि रानातल्या भाऊबंदांकडे जातात. हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅटच्या जनुक पेढीत बाजरीचे २० हजारांहून जास्त नमुने जपले आहेत. त्यात रानबाजरीही आहे. डीएनएमधल्या खुणा तपासून एचएचबी-६७ या वाणात गोसावीविरोधी जनुकं आणली गेली आणि २००५ मध्ये त्याचा सुधारित वाण आला. पण तोही कायमचा तोडगा मानता येत नाही.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

• पेरणीपूर्वी मेटालॅक्झिल ३५ टक्के, किलोमागे ६ ग्रॅम या प्रमाणात बीजप्रक्रिया करावी. रोपं लहान असतानाचा हल्ला त्यामुळे रोखता येतो.
• रोगट ताटं दिसताच उपटून जाळावीत, म्हणजे बीजाणू जमिनीत जाणार नाहीत.
• एकाच शेतात दरवर्षी बाजरी घेऊ नये.
• वर्षानुवर्षं एकाच वाणावर अवलंबून राहू नये.

कोरडवाहू भागात बाजरी म्हणजे घरात भाकरी आणि जनावरांना सरमाड. ही दोन्ही टिकवायची तर कागदावर ‘रोगप्रतिकारक’ लिहिलेला वाण निवडून भागत नाही. शिवारात आणि बियाणं पेढीत बाजरीचे जितके वेगवेगळे प्रकार टिकतील, तितकं गोसावीचं काम अवघड होईल.