अचलाची हकीकत

संस्कृतात पर्वताचे एक नाव ‘अचल’ आहे; म्हणजे न हलणारा. वर्गात मी हा शब्द शिकवितो आणि लागलीच सह्याद्रीची हकीकत सांगतो. कारण हा अचल जन्मापासून बदलतोच आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथली भूमी दुभंगली. भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर चढून आपला काळा पाषाण झाला. कड्यांवर पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. याच जातीच्या पाषाणात अजिंठ्याची लेणी कोरली गेली, याच्याच माथ्यावर रायगड उभा राहिला.

अग्नीने जे रचले ते पाणी उतरवीत आहे. उन्हाने दगड तडकतो, पावसाने झिजतो. कृष्णा-गोदावरी त्याचा गाळ पूर्वसमुद्राला नेऊन घालतात. या झिजेतूनच देशावरची काळी माती झाली. डोंगर झिजला म्हणून आपल्या ताटात भाकरी आहे!

पण ही झीज नेहमीच सावकाश होत नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर उतरला.

वाचकहो, डोंगराचे झिजणे कोणाला थांबविता येणार नाही. पण त्याच्या उतारावरची झाडे राखणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि पायथ्याच्या माणसाला वेळेवर हलविणे, ही कामे निसर्गाची नव्हेत. ती आपली आहेत.