पेशीतील मंद अग्नी

फुप्फुसे प्राणवायू आत घेतात, परंतु खरे श्वसन चालते ते शरीरातील पेशींत. तेथे साखरेचे पायरीपायरीने विघटन होते. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात व शेवटी प्राणवायूस मिळून पाणी बनते. या प्रवासात मोकळी होणारी शक्ती पेशी आपल्या कामासाठी राखून ठेवते. चुलीतले लाकूड भडकून जळते. पेशीतील अग्नी मंद आणि आवरलेला असतो.

इलेक्ट्रॉनांची ही ने-आण करणाऱ्या लोहयुक्त द्रव्यांना सायटोक्रोम म्हणतात. केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. वनस्पतींच्या बाबतीत मात्र प्रश्न सोपा नव्हता. त्यांच्यात प्राणवायूशी संयोग घडविणारी इतरही एन्झाइमे असतात. चिरलेला बटाटा काळवंडतो तो त्यांच्याचमुळे. मग वनस्पतीच्या श्वसनात सायटोक्रोमचा वाटा कोणता?

या प्रश्नाच्या उत्तराशी एका मराठी मुलीचे नाव निगडित आहे. कमला भागवत मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. त्यांचे वडील व चुलते याच संस्थेत शिकलेले होते. तरीही संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून मगच प्रवेश कायम करावयाचा, या अटीवर त्यांना घेण्यात आले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून त्या संस्थेचे दार पुढे इतर मुलींनाही उघडले.

केंब्रिजमध्ये रॉबर्ट हिल यांच्यासमवेत त्यांनी बटाट्यावर काम केले आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम ‘सी’ आपले कार्य करते, असे दाखविले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ साली डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायनाचा विभाग सांभाळू लागल्या. विवाहानंतर कमला सोहोनी झालेल्या या विदुषीने पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले व त्या संस्थेचे संचालकपदही भूषविले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

माणसाच्या हृदयात आणि जमिनीतल्या बटाट्यात एकाच जातीचा अग्नी तेवतो. निसर्गाने तो देताना कोणताही भेद केला नाही. भेद केला तो माणसाने, आणि तो मोडून काढावा लागला एका विद्यार्थिनीला.